वाचकांचे प्रश्न : ऑपरेशनची चेकलिस्ट आणि टाक्यांतला पू

प्रश्न : आईच्या पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले आहे. रुग्णालयात 'सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट'चा फलक आहे. अशा यादीने खरेच जीव वाचतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वाचतात, पण नुसत्या खुणा करून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची ही 19 कलमी यादी 2007-08 मध्ये आठ शहरांतल्या रुग्णालयांत तपासली गेली. त्यांत दिल्लीही होती. मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले, गुंतागुंत 11 वरून 7 टक्क्यांवर. पुढे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात 101 रुग्णालयांनी ती वापरली. 2014 साली आकडे आले तेव्हा मृत्यू 0.71 वरून 0.65 टक्के, म्हणजे ठोस म्हणावा असा फरक नाही. आमच्या मते यादीचा खरा गाभा म्हणजे तिने सक्तीचे केलेले तीन थांबे. ते पाळले नाहीत तर हाती उरतो तो फक्त कागद.

पहिला थांबा भुलेआधी : रुग्णाचे नाव, ऑपरेशन कोणते, अ‍ॅलर्जी, पल्स ऑक्सिमीटर चालू आहे का. दुसरा चिरा देण्याआधी : प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचे, अँटिबायोटिक गेल्या 60 मिनिटांत दिले का हे मोठ्याने विचारायचे. तिसरा, रुग्ण ऑपरेशन थिएटर म्हणजे ओटीबाहेर नेण्याआधी : गॉझ, सुया, हत्यारांची मोजणी, आणि काढलेल्या पित्ताशयाच्या डबीवरचे लेबल रुग्णाच्या नावासकट वाचायचे.

हमखास घोळ होतो तो अँटिबायोटिकच्या वेळेत. इंजेक्शन सकाळी वॉर्डातच देऊन टाकतात, आधीची केस लांबते, आणि चिरा पडेपर्यंत रक्तातले औषध उतरणीला लागलेले असते. यादीवर खूण मात्र झालेली असते. म्हणून सरळ विचारा : "अँटिबायोटिक वॉर्डात देणार की ओटीत?" अ‍ॅलर्जी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या भूलतज्ज्ञांना स्वतः सांगा. आदल्या दिवशी साबणाने अंघोळ पुरे. घरी वस्तरा फिरवू नका. त्याच्या बारीक जखमांतून जंतू शिरतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने काढतात.

प्रश्न : पोटाच्या ऑपरेशननंतर टाक्यांत पू होऊ नये म्हणून ओटीत काय करता येते? महागडे धागे घ्यावेत का?

उत्तर : आधी स्वस्तातला उपाय करा. पोट शिवायला घेण्यापूर्वी हात निर्जंतुक करून ऑपरेशनला उभ्या असलेल्या सर्वांनी हातमोजे बदलायचे आणि शिवणीसाठी निर्जंतुक हत्यारांचा वेगळा संच उघडायचा. आतड्याला लागलेले मोजे आणि चिमटे मग त्वचेपर्यंत येत नाहीत. भारतासह सात विकसनशील देशांतल्या 81 रुग्णालयांत, 13,301 रुग्णांवर याची चाचणी झाली. 2022 मध्ये निष्कर्ष आले. 30 दिवसांतला जंतुसंसर्ग 18.9 टक्क्यांवरून 16 टक्के झाला. शंभरांमागे तिघांची जखम वाचते, आणि खर्च मोज्यांच्या जोडीचा व हत्यारे उकळण्याऐवजी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) तयार ठेवण्याचा. संच आदल्या दिवशीच बांधून ठेवावा. ऐनवेळी मागितला तर मिळत नाही. ट्रायक्लोसॅन हे जंतुनाशक लावलेल्या महाग धाग्यांचा फायदा मात्र अशाच देशांतल्या 2021 च्या चाचणीत दिसला नाही.