दहाचा पुडा आणि चतकोर भाकरी

(वाचकांच्या घरगुती प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या ताई अंगणवाडीच्या निवृत्त मुख्यसेविका आहेत. राहणार गावभाग, सांगली.)

प्रश्न : ताई, आम्ही कुपवाडला दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. मिस्टर एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. हातात १८ हजार येतात, त्यातले साडेचार भाड्याला जातात. मुलगी ७ वर्षांची, ती पुढ्यात येईल ते खाते. मुलाला ४ पूर्ण झाली, तो काही म्हणता काही खात नाही. सकाळी चहात बिस्किटं, अकराच्या सुमाराला एक कुरकुरीत पुडा. दुपारी ताटावर बसवला की दोन घासांत उठतो. मग मी दुधात पावडर घालून देते, संध्याकाळी परत एकदा. साडेचारशेचा डबा महिनाभर पुरतो. सासूबाई म्हणतात, पोराच्या बरगड्या दिसायला लागल्या, आईला करून घालता येत नाही. शेजारणीचा मुलगा चांगला गुटगुटीत आहे. याचं वजन साडेचौदा किलो. याहून भारी डबा आणू, की टॉनिक सुरू करू?
— एक आई, कुपवाड

उत्तर : अगं, वजन लिहिलंस हे फार चांगलं केलंस. नुसत्या बरगड्यांवरून मला काहीच सांगता आलं नसतं. चार वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन १६ किलोच्या थोडं वर धरतात. १२.७ किलोच्या खाली गेलं की आम्ही तक्त्यावर कमी वजनाची नोंद करायचो. तुझा लेक या दोन आकड्यांच्या मधोमध आहे. काटक आहे, कुपोषित नाही. या वयात पोरं उंचीला लागतात, बाळपणीचं पोट आत जातं आणि बरगड्या दिसतात. तरी मनाला स्वस्थता हवी असेल तर अंगणवाडीत जाऊन दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावून घे. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा रंग येतो, म्हणजे ठीक. महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन कर. सलग तीन महिने वाढलंच नाही, किंवा पोरगं माती-खडू खातंय, चेहरा पांढुरका दिसतोय, सारखं आजारी पडतंय असं असेल, तर टॉनिकच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडं जा आणि हिमोग्लोबिन तपासून घे. जंताची गोळी वर्षातून दोनदा अंगणवाडीत फुकट मिळते, ती चुकवू नको.

आता त्याच्या पोटातला दिवस बघू. सकाळी चहा-बिस्किट, अकराला पुडा, दुपारी जेवण, लगेच दूध, संध्याकाळी पुन्हा दूध. अगं, याला भूक लागायला जागा कुठं आहे? चार वर्षांच्या पोराचं पोट त्याच्या मुठीएवढं. अकराला त्यात तळलेलं पीठ आणि मीठ गेलं की साडेबाराला भाकरी कुठं बसणार? दोन घास खाऊन उठतो तो हट्टानं उठत नाही. आणि उठला की पाठोपाठ गोड दूध येतं, हे त्याला आता पाठ झालंय. मी त्याच्या जागी असते तर मीही उठले असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आमच्या घराचा खालचा मजला बुडाला आणि आम्ही एका शाळेतल्या छावणीत होतो. मदत भरभरून आली, त्यात बिस्किटांचे खोकेच्या खोके. पोरांच्या दोन्ही हातांत पुडे. चौथ्या दिवशी गरम खिचडी आली तर निम्म्या पोरांनी ताटं सरकवली. आया रडकुंडीला, पोरं आजारी पडली म्हणून. मी उरलेले खोके उचलून वरच्या वर्गात ठेवले आणि कुलूप लावलं. दोन बायकांनी माझ्याशी भांडण काढलं, एक तर अजून नीट बोलत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पिठलं-भात होता, आणि तीच पोरं वाटी चाटत होती.

खुद्द माझ्या घरातलंही सांगते. मी दिवसभर गावोगाव आयांना आहार शिकवत फिरायची आणि माझा मुलगा शेजारच्या आजींकडं चहा-बिस्किटांवर वाढत होता. पाचव्या वर्षी हिमोग्लोबिन ९ निघालं. ११ तरी हवं असतं. जेवणाच्या आगेमागे चहा पोटात गेला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे मी शंभर बैठकांत बोलले असेन. तेव्हा चहा आधी बंद कर, अर्धा कपसुद्धा नको. भाजी-आमटीवर लिंबू पिळ, त्यानं लोह अंगी लागायला मदत होते. दूध दिवसाला दोन कपांच्या वर नको, आणि ते जेवणाला चिकटून नको.

डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाच. जो पदार्थ जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे. साखर कितवी आहे ते बघ आणि मग भारी डब्याचं ठरव.

पैशाचा हिशेब मी कागदावर केला. त्याचे बिस्किटांचा आणि कुरकुरीत असे दहा-दहाचे दोन पुडे आणि, तू लिहिलं नाहीस पण तो खाताना तिलाही द्यावा लागतो, म्हणून मुलीचा एक. रोजचे ३० रुपये धर. महिन्याला ९०० आणि डब्याचे ४५०, झाले १३५०. आमच्या पेठेतल्या आजच्या भावानं सांगते, थोडं इकडंतिकडं होईल. दोघांना आठवड्याला चार-चार अंडी म्हणजे महिन्याला ३५ अंडी, साधारण २४५ रुपये. एक किलो शेंगदाणे दीडशे. एक किलो नाचणी ६०. आठवड्याला एक डझन केळी, महिन्याचे २०० रुपये. ६५५ झाले. मूठभर बेदाणे आणि दोन लिंबं धरलीस तरी जवळपास निम्मे पैसे शिल्लक राहतात. सांगलीत राहून बेदाणा पारखून भारीतलाच घ्यायला हवा असं नाही, काळपट आणि बारीक दाणा स्वस्तात मिळतो आणि पोराला कळत नाही. शेंगदाणे मात्र अख्खे देऊ नको, या वयात घशात अडकतात. कूट कर, चटणी कर, गुळाचा लाडू कर.

वेळा अशा लाव. सकाळी उठल्यावर तासाभरात नाचणीचं आंबील किंवा दूध-भाकरीचा काला. साडेदहाला एक केळं. साडेबाराला जेवण. चारला लाडू किंवा अंडं. साडेसातला तुमच्याबरोबर ताटावर. मधल्या वेळेत फक्त पाणी. ताटात चतकोर भाकरी आणि दोन चमचे भाजी, एवढंच वाढ. मोठ्या ताटाकडं बघूनच पोरं घाबरतात. काय शिजवायचं आणि किती वाजता वाढायचं ते तू ठरव, किती खायचं ते त्याला ठरवू दे. मागं धावायचं नाही, मोबाईल लावायचा नाही. वीस मिनिटांत ताट उचल, रागावू नको, आणि पुढच्या वेळेपर्यंत काही देऊ नको. पहिले तीन-चार दिवस घरात रडारड होईल. मेथी किंवा शेपू पहिल्यांदा थुंकेल, पाचव्यांदाही थुंकेल. कधी कधी दहाव्यांदा खातात. मुलीचा पुडाही त्याच दिवशी बंद कर, नाहीतर तू खलनायिका आणि ती लाडकी असं होईल.

सासूबाईंचं काय करायचं? त्यांना काम दे. त्यांना हुलग्याचं माडगं नक्की येत असेल. “आई, तुमच्या हातचं तो खाईल,” असं म्हण आणि चारची वेळ त्यांच्याकडं सोपव. नातवानं वाटी संपवली की बरगड्या आपोआप कमी दिसायला लागतील त्यांना.

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो, एसटीतून निवृत्त. मुलगा-सून दोघंही नोकरीला. नातू ८ वर्षांचा, रात्री अकरापर्यंत मोबाईल बघतो आणि सकाळच्या शाळेला त्याला उठवता उठवता घर डोक्यावर घ्यावं लागतं. काही बोललं की सून म्हणते, तुम्हीही कीर्तन मोबाईलवरच बघता ना. काय करावं?
— एक आजोबा

उत्तर : काका, सूनबाई बरोबर बोलल्या. या वयाच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सहाला उठायचं तर नऊला अंथरूण. म्हणून साडेआठला घरातले सगळे मोबाईल स्वयंपाकघरातल्या एका बटणापाशी चार्जिंगला, आणि पहिला मोबाईल तुमचा. कीर्तन रेडिओवर ऐका, नाहीतर दुपारी. मात्र नुसतं काढून घेतल्यानं पोरगं रिकामं बसणार. संध्याकाळी त्याला घेऊन चार भिंतींच्या टेकडीपर्यंत चढा, जमेल तसं अजिंक्यतारा किल्ल्याकडं सरका. वाटेत एसटीतले किस्से सांगा. घाटात ब्रेक तापला तेव्हा काय केलंत वगैरे. खिशात भाजके फुटाणे ठेवा. दमलेलं पोरगं नऊला आपसूक पडतं. तुम्हालाही झोप लागेल.

प्रश्न : बाळ ७ महिन्यांचं. माहेरी गुटीत मध घालतात. तयार पिठाचा डबा महाग पडतो. घरचं काय देऊ?
— तासगाव

उत्तर : मध एक वर्षापर्यंत बोटभरही नको, त्यातल्या जंतूंनी एवढ्या लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आईला माझं नाव सांग. अंगावरचं दूध चालू ठेव. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, दळून, शिजवून त्याचं मऊ खिमट कर, वर अर्धा चमचा तूप. नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, गाळलेली भाजी यातलं एकेक दोन-तीन दिवसांच्या अंतरानं सुरू कर. मीठ-साखर घालू नको. चमच्यावरून ओघळेल इतकं पातळ नको, चमच्यावर टिकलं पाहिजे. सहा महिन्यांपासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. नाव नोंदवलं नसलंस तर उद्याच जा, येताना वजनही करून घे.