आयडियल गॅसच्या गणितात R ची किंमत 8.314 घ्यायची की 0.0821? माझं उत्तर दरवेळी का चुकतं?

दोन्ही एकच आहेत रे, R म्हणजे PV = nRT मधला गॅसचा स्थिरांक, फक्त एककं वेगळी. प्रेशर पास्कलमध्ये आणि व्हॉल्यूम घनमीटरमध्ये असेल तर 8.314, अ‍ॅटमॉस्फिअर आणि लिटर असेल तर 0.0821. किलोपास्कल आणि लिटर दिले असतील तरी 8.314 चालतो. पण दरवेळी चुकतंय म्हणतोस तर माझ्या मते घोळ R मध्ये नाहीच, प्रेशरमध्ये आहे.

माझ्या वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथंच. एकदा त्यांनी ट्रकच्या टायरच्या व्हॉल्व्हची पिन काढली, फुस्स करून हवा गेली, मी गेज लावून बघितला तर काटा शून्यावर. म्हटलं, आबा, हवा संपली. ते म्हणाले, "संपती कुठं? भायेर हाय तेवढी आत हायच की, काटा फकस्त तिच्या वरची दावतो."

पुढं डिप्लोमाला थर्मलच्या पेपरात गणित आलं, 27 अंशाला टायरचा गेज 32 पीएसआय, गाडी पळून आतली हवा 57 अंशाला गेली, व्हॉल्यूम तेवढाच, आता गेज किती दाखवेल. मी 32 मध्ये बाहेरच्या हवेचे 14.7 मिळवले, 46.7 झाले, अंशात 273 मिळवून 300 केल्विनचे 330 म्हणजे 1.1 पट, 51.4, त्यातून परत 14.7 वजा केले, 36.7. सरांनी लाल पेनानं काट मारून शून्य दिला, कारण त्यांच्याकडं सरळ 32 गुणिले 1.1 करून 35.2 लिहिलेलं. पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेलो, गेज शून्य म्हणजे व्हॅक्यूम नव्हे एवढंच सांगत होतो तर म्हणाले, पंक्चरच्या दुकानातलं शहाणपण इथं नको. मार्कांचं मी विसरलो, हे वाक्य नाही विसरलो. ज्यानं जन्मात एकदा टायरला गेज लावला नाही त्यानं हा धडा शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर गणितात गेज शब्द दिसला की पहिल्यांदा वातावरणाचं प्रेशर मिळव, मग फॉर्म्युला. टेंपरेचर केल्विनमध्येच, नाहीतर 57 भागिले 27 करून प्रेशर दुप्पट व्हायचं, आणि एवढ्यानं टायरमध्ये तसं होत नाही. पुस्तकामागचं उत्तर जुळलं नाही तर लगेच आपलं खोडू नकोस, त्यांनी गेज तसाच वापरलाय का बघ, मागची उत्तरंही चुकतात, आणि चुकलं असेल तर सरांना दाखव, काय म्हणायचं ते म्हणू देत.

हां, प्रश्नात अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे बाहेरची हवा आधीच धरलेलं प्रेशर, लिहिलं असेल तर काही मिळवायचं नाही. 14.7 हा समुद्रसपाटीचा आकडा आहे, घाटावर कमी भरतो, पण परीक्षेत तोच धर. आणि घरच्या गॅस सिलिंडरला हे गणित लावू नकोस, आत बहुतेक द्रव असतो, तो आहे तोवर प्रेशर टेंपरेचरवर ठरतं, किती गॅस उरलाय त्यावर नाही.