पाळीच्या दुखण्यापायी लेक्चर बुडवणाऱ्या माझ्या ज्युनिअरला

अगं, काल प्रॅक्टिकलला तू पोट धरून उभी होतीस आणि विचारलं तर 'ॲसिडिटी' म्हणालीस. पहिली दोन वर्षं मीही हेच सांगायचे. पाळी आली म्हणून सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं आणि कळा येतात. म्हणून ते तयार होणं कमी करणारं वेदनाशामक, म्हणजे मेफेनामिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन, कळ सुरू होतानाच, पोटात दोन घास असताना घ्यायचं. असह्य होईपर्यंत थांबलं की गोळीचा उपयोग कमी होतो. दमा किंवा अल्सर असेल तर मात्र डॉक्टरांना आधी विचार. गरम पाण्याची पिशवी हॉस्टेलवर हवीच.

तारखा, किती दुखलं, कोणता तास बुडला, सगळं वहीत लिही. गोळीनेही भागत नसेल, दर महिन्याला दुखणं वाढत असेल, तर ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो. 'लग्नानंतर थांबेल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

हजेरीचं मॅडमशी बोल. केरळात कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाने 2023 मध्ये विद्यार्थिनींना पाळीसाठी हजेरीत 2 टक्के सवलत दिली, आपणही मागू. एकटीने जायचं नसेल तर मी येते.