मायक्रोटिकच्या दोन राउटरमध्ये आयपीसेक टनेल (दोन नेटवर्क जोडणारा एन्क्रिप्टेड मार्ग) 'एस्टॅब्लिश्ड' दिसतो, पण पलीकडच्या लॅनमधलं काहीच पिंग होत नाही. का?

बहुतेक वेळा दोष नॅटचा, म्हणजे पॅकेटमधला पत्ता बदलण्याचा, असतो. राउटर आधी सोर्स नॅट करतो, मग आयपीसेकची पॉलिसी (कोणतं पॅकेट टनेलमधून पाठवायचं त्याचा नियम) तपासतो. मास्करेड या नॅट नियमाने तुमच्या लॅनमधल्या १९२.१६८.१०.५ चा पत्ता बदलून पब्लिक आयपी केला की पॅकेट पॉलिसीत बसतच नाही, उघडंच इंटरनेटवर जातं.

खात्री करायला 'इन्स्टॉल्ड एसए' (टनेलच्या प्रत्येक दिशेच्या एन्क्रिप्शनची नोंद) उघडा आणि पिंग चालू ठेवा. बाहेर जाणाऱ्या एसएचे बाइट्स वाढत नसतील तर गडबड तुमच्याच बाजूला आहे.

सोर्स नॅटमध्ये मास्करेडच्या वर एक नियम टाका: सोर्स १९२.१६८.१०.०/२४ (तुमच्या बाजूचं लॅन), डेस्टिनेशन १९२.१६८.२०.०/२४ (पलीकडचं लॅन), ॲक्शन ॲक्सेप्ट, म्हणजे पत्ता न बदलता जाऊ द्या. दुसऱ्या राउटरवर हेच उलट. जुनी कनेक्शन्स कनेक्शन ट्रॅकिंगमधून (राउटरने ठेवलेल्या चालू कनेक्शन्सच्या यादीतून) काढून टाका, नाहीतर त्यांना जुनंच नॅट लागत राहतं आणि नियम चुकला असं वाटतं. इथेच लोकांचे तास जातात.

फास्टट्रॅक (पॅकेट झटपट नेण्यासाठी फायरवॉलचे टप्पे गाळणारी सोय) चालू असेल तर त्याच्या वर आयपीसेकच्या इन आणि आउट ट्रॅफिकला ॲक्सेप्ट करणारे नियम हवेत. डिफॉल्ट फायरवॉलमध्ये ते असतात. हाताने लिहिलेल्यात राहून जातात.

राउटरवरूनच पिंग करत असाल तर सोर्स ॲड्रेस म्हणून लॅनचा पत्ता द्या, कारण एरवी वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता जातो.

पिंग होतं पण फाइल शेअर किंवा वेबपेज अडकतं? मग मॅंगलमध्ये (पॅकेटमध्ये बदल करणाऱ्या नियमांत) टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १३६० करा. ईएसपीच्या (आयपीसेकच्या एन्क्रिप्शनच्या) हेडरमुळे १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही.