लेकीचं घर जावाच्या खेड्यात : वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न इंडोनेशियातल्या खेड्यात राहणाऱ्या नातेवाइकांबद्दलचे आहेत, आणि बहुतेक मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यासंबंधी आहेत. जमिनीचा कायदा देशभर एकच आहे. गावाच्या रीती मात्र इथे सांगितल्या आहेत त्या जावातल्या. बालीत किंवा सुमात्रात त्या वेगळ्या असतात.

प्रश्न : मुलीचा नवरा जावातला आहे. लग्न २०१९ मध्ये झालं. तिचं नागरिकत्व अजून भारतीयच आहे. गावात घरासाठी जागा घ्यायची आहे, निम्मे पैसे आम्ही पाठवणार आहोत. जागा जावयाच्या नावावर घेतली तर चालेल ना? — एक वाचक, सांगली

चालेल, पण पैसे पाठवण्याआधी दोघांना नोटरीकडे जाऊ द्या. तिथे जमिनीच्या पूर्ण मालकीला ‘हाक मिलिक’ म्हणतात (आपले ‘हक्क’ आणि ‘मालक’ हे शब्द त्याच अरबी मुळांचे). १९६० च्या मूळ जमीन कायद्यानुसार ही मालकी इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. आता अडचण अशी, की १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर घेतलेली मालमत्ता नवराबायकोची सामाईक होते. म्हणजे जावयाच्या नावावरच्या जागेत मुलीचा, पर्यायाने परदेशी व्यक्तीचा, वाटा येतो. असा वाटा आला तर तो एका वर्षात सोडावा लागतो, नाहीतर हक्क संपतो आणि जमीन सरकारजमा होते. त्यामुळे जमिनीचे दस्त करणारा अधिकारी, ज्याला तिथे ‘पे-पे-आ-ते’ म्हणतात, पहिल्याच भेटीत विवाहकराराची प्रत मागतो.

पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. २७ ऑक्टोबर २०१६ ला तिथल्या घटना न्यायालयाने लग्नानंतरही तो करायला परवानगी दिली. नोटरीसमोर मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करायचा आणि त्याची नोंद करून घ्यायची: मुस्लिम जोडप्याने धार्मिक व्यवहार कार्यालयात, इतरांनी नागरी नोंदणी कार्यालयात. लग्न भारतात झालं असेल तर आधी त्या लग्नाचीच नोंद तिकडे व्हायला हवी. अनेकांचं काम इथेच महिनोन्‌महिने अडतं. करार आधी, खरेदी नंतर, हा क्रम उलटू देऊ नका. सासऱ्यांनी स्वतःची जागा मुलाला बक्षीसपत्राने दिली तर ती कायद्याने त्याची एकट्याचीच राहते. तो रस्ता मोकळा असेल तर तोच घ्या.

या करारानंतर जागेत मुलीचा वाटा राहत नाही, हे मात्र मनाशी पक्कं धरा. तुमच्या पैशांची नोंद म्हणून जावयाकडून नोटरीसमोर खरंखुरं कर्जपत्र लिहून घ्या. वारसाहक्काने पुढे जागा तिच्याकडे आली, तरी तिला ती वर्षाच्या आत विकावी लागेल किंवा इंडोनेशियन नागरिक असलेल्या मुलांच्या नावावर करावी लागेल. गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या नावावर जागा घेऊन आतून वेगळा कागद करण्याचा सल्ला कुणी दिला, तर तिथेच थांबा. तसा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारकडे जाते आणि दिलेली रक्कम मागता येत नाही. कायद्याच्या कलम २६ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे.

आता प्रत्यक्ष जागेबद्दल. ‘गिरिक’ किंवा ‘लेटर सी’ दाखवून जागा विकली जात असेल तर तो मालकीचा दाखला नव्हे. ती जुन्या शेतसाऱ्याची नोंद आहे. २०२१ च्या नियमाने अशा कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती, ती फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. पुराव्याची जागा आता ते घेऊ शकत नाहीत, माहितीपुरतेच उरतात. सर्टिफिकेट असलेलीच जागा पाहा आणि सही करण्याआधी ते जमीन कार्यालयात दस्त-अधिकाऱ्याकडून तपासून घ्या: गहाण आहे का, वाद आहे का, नकाशा जमिनीशी जुळतो का. मग प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवरचे ‘पातोक’, म्हणजे हद्दीचे दगड, स्वतः पाहा, आणि शेजाऱ्यांना तिथे उभं करून हद्द कबूल करून घ्या.

दोन प्रकारच्या जागा कितीही स्वस्त असल्या तरी नकोत. पहिली ‘बेंगकोक’: ही गावच्या अधिकाऱ्यांना पगारापोटी कसायला दिलेली जमीन असते, आपल्याकडच्या पाटीलकीच्या वतनासारखी. ती गावाची असते, तो अधिकारी ती विकू शकत नाही. दुसरी संरक्षित भातखाचरं: २००९ च्या कायद्याखाली त्यांवर घर बांधता येत नाही. क्लातेन हा भाताचा जिल्हा आहे, त्यामुळे ही चौकशी आधी करा. खर्चात विकणाऱ्याचा अडीच टक्के कर, घेणाऱ्याचा सूट वजा जाता ५ टक्क्यांपर्यंत कर आणि दस्त-अधिकाऱ्याची जास्तीत जास्त १ टक्का फी धरा.

प्रश्न : जावई आठवड्यातून एक रात्र गावाच्या चौकीत घालवतो. त्या रात्री मुलगी एकटी असते. शिवाय रोज रात्री कोणीतरी येऊन दारावरच्या डब्यातले पैसे घेऊन जातं म्हणे. काळजी वाटते. — एक वाचक, कराड

जावयाची ती रात्र गस्तीच्या पाळीची असते, आणि ते पैसे नेणारे गस्तवालेच तिची राखण करत असतात. या वर्गणीचं नाव ‘जिम्पित’वरून पडलं, म्हणजे जावानीज भाषेत चिमूट. पूर्वी प्रत्येक घर दारात चिमूटभर तांदूळ ठेवत असे आणि गस्तीचे लोक ते गोळा करत. आता बहुतेक ठिकाणी ५०० किंवा १००० रुपियांचं नाणं असतं. रक्कम लहान असली तरी व्यवस्था फार हुशारीची आहे: नाणं उचलायचं म्हणजे गस्तवाल्याला प्रत्येक दारापर्यंत यावंच लागतं. नाणं ठेवलेलं नसेल तर या घरात काही बिनसलं आहे का, हे त्याच रात्री कळतं. म्हणून मुलीला सांगा, जावई चौकीत असला तरी नाणं संध्याकाळीच ठेवायचं. जमा पैशातून गल्लीतले दिवे, आजाऱ्याला मदत, मयताचा खर्च असं बघितलं जातं.

चौकीत बांबूचा किंवा फणसाच्या लाकडाचा, मधे चीर असलेला पोकळ ठोकळा टांगलेला असतो, त्याला ‘केंतोंगान’ म्हणतात; तो बडवून इशारा देतात. ठोक्यांची खूण बहुतेक चौक्यांवर रंगवलेली असते: एकेक ठोका सुटा सुटा म्हणजे खून, दोन-दोन चोरी, तीन-तीन आग, चार-चार पूर किंवा तसं संकट, पाच-पाच गुरांची चोरी. गावागणिक थोडा फरक पडतो, म्हणून तिने आपल्या चौकीवरची पाटी वाचून ठेवावी. तीन-तीन ठोके ऐकू आले तर गॅसचा रेग्युलेटर काढून बाहेर यायचं. दोन-दोन आले तर दार आतून लावून दिवे चालू करायचे. बाहेर धावण्याचं काम गस्तीचं.

तीस-चाळीस घरांचा गट म्हणजे ‘एर-ते’. त्याच्या प्रमुखाला सगळे ‘पाक एर-ते’ म्हणतात. मुलीने त्यांच्या पत्नीशी, ‘बू एर-ते’शी, ओळख ठेवावी, बायकांच्या भिशीत (तिथे ‘आरिसान’) नाव घातलं की ती आपोआप होते. तुम्ही भेटायला जाल तेव्हाही हे लागेल. पाहुण्याने २४ तासांत वर्दी द्यावी, अशी पाटी गल्लीच्या तोंडाशीच असते. पोचल्या दिवशीच पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स घेऊन पाक एर-तेंकडे जाऊन या. विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो, एकदाच आणखी ३० दिवस वाढतो.

प्रश्न : तिथे जुनं विटांचं घर आहे. पाडून नवं बांधताना गवंड्याला काय सांगावं? — एक वाचक, लातूर

लातूरकरांना भूकंप वेगळा सांगायला नको. क्लातेनने २७ मे २००६ ला पहाटे ५ वाजून ५४ मिनिटांनी तो भोगला. कॉलम नसलेल्या, अर्ध्या विटेच्या भिंती आणि वर कौलांचं ओझं, अशी घरं सर्वाधिक कोसळली. तिथल्या सरकारी मार्गदर्शनातली मापं साधी आहेत आणि गावातल्या गवंड्याला जमणारी आहेत.

दगडी पायावर १५ × २० सेंटिमीटरचा प्लिंथ बीम, १५ × १५ चे कॉलम आणि भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारा १२ × १५ चा बीम. तिन्हींत १० मिलिमीटरच्या चार सळया आणि दर १५ सेंटिमीटरवर ८ मिलिमीटरची रिंग. काँक्रीट १ : २ : ३ (सिमेंट, वाळू, खडी), पाणी सिमेंटच्या निम्मं. दोन कॉलमांमधली भिंत ९ चौरस मीटरहून मोठी नको. विटांच्या दर सहा थरांना कॉलममधून ४० सेंटिमीटर लांबीची सळई भिंतीत घुसवायची.

मापं बरोबर असूनही घर पडतं ते जोडांमुळे. रिंगचं टोक काटकोनात वाकवून सोडलं तर हादऱ्यात ती उघडते आणि कॉलम फुटतो. टोक १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या पोटात गेलं पाहिजे. कोपऱ्यावर बीमची सळई तिथेच कापू नका, वळवून पलीकडच्या बीममध्ये ४० सेंटिमीटर न्या. सळई व्हर्नियरने मोजून घ्या, कारण नावाला १० ची असलेली कमी भरते. तिच्यावर ‘एस-एन-ई’ हा तिथला मानकशिक्का पाहा. विटा भिजवून लावा, आणि काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारा. छपराखालची त्रिकोणी भिंत विटांची करूच नका. ती सुटी उभी असते आणि बाहेरच्या बाजूला कोसळते, नेमकी जिथे माणसं धावत येतात तिथे. तिथे लाकडी फळ्या किंवा हलका पत्रा लावा.

प्रश्न : घरामागे भातशेती आहे, साप निघतात. इथून सर्पदंशाची लस नेऊन ठेवावी का? — एक वाचक, चिपळूण

नेऊ नका. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या भारतातल्या चार सापांच्या विषावर तयार होते. इंडोनेशियात बांडुंगच्या सरकारी कारखान्यात बनणारी लस तिथल्या तीन सापांवर आहे: विष थुंकणारा जावाचा नाग, पट्टेरी मण्यार आणि जमिनीवर दबा धरून बसणारा मलायी घोणसवर्गीय साप. कोणतीही लस शिरेतूनच आणि दवाखान्यातच द्यायची असते, कारण तिची तीव्र प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते.

जावात ‘वेलिंग’ नावाचा काळापांढरा मण्यार आहे. तो रात्री झोपलेल्या माणसाला चावतो, वेदना जवळजवळ होत नाही, आणि तिथल्या त्या लसीत त्याचा समावेश नाही. पापण्या जड होणं, गिळता न येणं ही लक्षणं दिसताच श्वासोच्छ्वासाचं यंत्र असलेलं रुग्णालय गाठायचं. वाटेत ‘पुस्केस्मास’मध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात, तासन्‌तास थांबून चालत नाही. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका. आवळपट्टी, चीर, चोखणं काहीही नको. जमिनीवर झोपणं टाळा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा.

प्रश्न : शेताच्या बांधाला रात्री विजेची तार लावतात, हे खरं का? — वरच्याच वाचक

खरं आहे. उंदरांसाठी लावतात. ते बेकायदा आहे, आणि स्रागेन व न्गावी जिल्ह्यांत त्याने शेतकऱ्यांचे जीव घेतले आहेत. चिखलात उभ्या माणसाला उघड्या तारेतून थेट घरगुती वीज बसते. अंधार पडल्यावर मुलीने बांधावरून जाऊ नये. कोणी पडलेलं दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, आधी तार जिथून येते तिथला पुरवठा तोडायचा. स्वतःच्या शेतात उंदीर असतील तर देमाक जिल्ह्यात करतात तसं घुबडासाठी खांबावर लाकडी घर उभारता येतं. त्याचबरोबर शेजाऱ्यांसह एकाच वेळी लावणी करावी, म्हणजे उंदरांना वर्षभर खायला मिळत नाही.