३.५ वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसाठी कोणता फुल-रेंज स्पीकर बांधावा?

तुमचा प्रश्न असा आहे: २ए३ ट्यूबचा (ट्यूब म्हणजेच व्हॉल्व्ह), ३.५ वॉटचा सिंगल-एंडेड अ‍ॅम्प आहे, एकाच फुल-रेंज ड्रायव्हरचा (बासपासून ट्रेबलपर्यंत सगळं एकटा वाजवणारा) स्पीकर स्वतः बांधायचा आहे, तर पेटी कुठली: बॅक-लोडेड हॉर्न (ड्रायव्हरच्या मागचा आवाज घड्या घातलेल्या भोंग्यातून बाहेर काढणारी), क्वार्टर-वेव्ह पाइप (बासच्या पाव तरंगाइतक्या लांबीची नळी) की बास रिफ्लेक्स (पोर्ट म्हणजे भोक असलेली पेटी)? आणि ड्रायव्हर सर्वांत जास्त सेन्सिटिव्हिटीचाच (एका वॉटवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज) घ्यावा का? शेवटी तुम्ही लिहिलंय, "सिम्युलेशनमध्ये बास कमी दिसतोय, म्हणून बॅफल-स्टेप सर्किट टाकणार आहे." त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो. ड्रायव्हरच्या वायरीत कॉइल आणि रेझिस्टर घालून बास आणि बाकीचा आवाज सारखा करणारं ते सर्किट टाकू नका. त्यापायी मी माझा अ‍ॅम्प विकायला काढला होता.

माझाही २ए३ चाच आहे. चेसिसला भोकं पाडण्यापासून सगळं स्वतः केलं, नुसता हम (अ‍ॅम्पची गुणगुण) घालवण्यात दोन महिने गेले. त्याच्यासाठी साडेसहा इंची, ९४ डेसिबलचा ड्रायव्हर घेऊन १८ मिलिमीटर प्लायवूडची क्वार्टर-वेव्ह पेटी बांधली. उंच, अरुंद, पुढची फळी २४ सेंटिमीटर रुंद. पेट्या तयार झाल्या तेव्हा माझा एक जुना मित्र मायक्रोफोन, लॅपटॉप आणि स्वतःचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प घेऊन आला. आमच्या गोतावळ्यात मोजमापांचा जाणकार तोच, म्हणून मीच बोलावलं होतं. "व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर मोजलं तर त्याचे दोष ग्राफमध्ये उतरतील," असं म्हणून त्याने माझा अ‍ॅम्प बाजूला ठेवला आणि स्पीकर खोलीच्या मध्यभागी उभे करून मोजले.

ग्राफ साधारण ५०० हर्ट्झच्या खाली उतरत गेला. उतरणारच. ११५ ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागा, ४८० हर्ट्झ येतात. तिथून खाली आवाज पुढे राहायचं सोडून पेटीला वळसा घालून मागे जायला लागतो आणि हळूहळू ६ डेसिबलपर्यंत घट होते. मित्राने उपाय सांगितला: २ मिलिहेन्रीची कॉइल, तिला समांतर ८ ओहमचा रेझिस्टर, आणि ही जोडी ड्रायव्हरच्या सिरीजमध्ये. एका छोट्या लाकडी डबीत ते सर्किट बसवून मी स्पीकरच्या मागे ठेवलं. पुन्हा मोजल्यावर ग्राफ सपाट आला, तो समाधानाने घरी गेला.

पण हे सर्किट बास वाढवत नाही, बाकीचं सगळं ६ डेसिबलने खाली आणतं. ६ डेसिबल म्हणजे चौपट पॉवर. १०० वॉटवाल्याला त्याचं काही वाटत नाही, पण माझे ३.५ वॉट तेव्हापासून एका वॉटपेक्षाही कमी असल्यासारखे वागायला लागले. हिशेब करून बघा. ९४ डेसिबलच्या ड्रायव्हरला ३.५ वॉट मिळाले की एक मीटरवर साधारण ९९ डेसिबल. दोन स्पीकरचे तीन वाढले, तीन मीटरवर बसल्याचे सहा-सात गेले, तरी कानापाशी ९५ च्या आसपासची शिखरं मिळतात. संगीताची शिखरं सरासरीच्या १२ ते १५ डेसिबल वर असतात, म्हणजे सरासरी ८० राहते. घरात ऐकायला भरपूर. त्यातून सहा काढा, गायिकेने आवाज चढवला की अ‍ॅम्प गुदमरतो. आठ महिने मला वाटत राहिलं की माझ्याच अ‍ॅम्पमध्ये जोर नाही. ट्यूब बदलल्या, रेक्टिफायर बदलला. मित्र म्हणाला, "ट्यूबचा नाद सोड." शेवटी एक गिऱ्हाईकही मिळालं.

अ‍ॅम्प न्यायला ते येणार त्याच्या आदल्या रात्री खोली आवरताना स्पीकर सरकवून मागच्या भिंतीला लावले होते, डब्या काढून बाजूला ठेवल्या होत्या. देण्याआधी एकदा तपासावं म्हणून वायरी थेट ड्रायव्हरला जोडल्या आणि डबल बास आणि गाणं असलेली एक साधी रेकॉर्ड लावली. पहिली तार छेडली गेली तेव्हा मी खालीच बसलो. बास होता, भरलेला, सुराला पक्का. आणि गायिका आठ महिन्यांत पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने गात होती. सकाळी त्या माणसाला फोन करून माफी मागितली.

कारण नंतर शोधून काढलं. माझ्या अ‍ॅम्पला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं) नाही, त्याचा आउटपुट इम्पीडन्स (अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला विरोध) ३ ओहम आहे. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा जवळजवळ शून्य. ड्रायव्हरचा इम्पीडन्स रेझोनन्सपाशी (बासमधल्या त्याच्या स्वतःच्या कंपनाच्या फ्रिक्वेन्सीपाशी) ५०-६० ओहमपर्यंत चढतो आणि मधल्या पट्ट्यात ८ च्या आसपास असतो, त्यामुळे ३ ओहमच्या अ‍ॅम्पवर मधल्या पट्ट्याच्या तुलनेत बास आपोआप दोन-अडीच डेसिबल उचलला जातो. दुसऱ्या बाजूने बघायचं तर ड्रायव्हरचा क्यूटीएस (रेझोनन्सपाशी कोन किती आवरला जातो त्याचा आकडा, जितका कमी तितकी पकड घट्ट) ०.२६ होता, तो या अ‍ॅम्पवर ०.३६ च्या आसपास झाला. उरलेलं भिंतीने भरून काढलं. मित्राने सपाट केलेला ग्राफ एका वेगळ्याच यंत्राचा होता. त्याला हे दाखवलं तर म्हणाला, "आउटपुट इम्पीडन्स हा दोष आहे, दोषावर डिझाइन करायचं नसतं." मी मोजून दाखवलं, तरी आजही तो तेच म्हणतो. माझं म्हणणं, जो अ‍ॅम्प रोज वाजणार त्याच्यावरच मोजायचं. १९३० च्या दशकात पॉल व्होइट या ब्रिटिश इंजिनिअरने निमुळत्या क्वार्टर-वेव्ह पाइपचं डिझाइन केलं तेव्हा हाताशी मोजकेच वॉट असायचे, ते सर्किटमध्ये जाळायची चैन कुणाला परवडणार होती?

आता तुमची निवड. पहिलाच स्पीकर असेल तर क्वार्टर-वेव्ह पाइप बांधा. बॅक-लोडेड हॉर्न ०.२ च्या आसपास क्यूटीएस असलेल्या ताकदवान मॅग्नेटच्या ड्रायव्हरसाठी ठीक, पण घड्या चुकल्या की बास एका सुरावर फुगतो आणि दुसऱ्यावर गायब होतो, आणि पेटी चिकटवून झाल्यावर दुरुस्ती करता येत नाही. बास रिफ्लेक्सबद्दल एवढंच, की पेटी सिम्युलेटरने सांगितली त्यापेक्षा मोठी लागेल, कारण तुमच्या अ‍ॅम्पवर क्यूटीएस वाढणार आहे. सिम्युलेटरला हे सांगावं लागतं: हॉर्नरेस्प या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये आरजी नावाचा रकाना आहे, त्यात तुमच्या अ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सचा आकडा भरा, शून्य ठेवू नका. ड्रायव्हर ९३ ते ९६ डेसिबलचा, क्यूटीएस ०.२५ ते ०.३५ मधला बघा. त्याहून जास्त सेन्सिटिव्हिटीच्या मागे लागू नका. कागदावर ९८ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा २ ते ५ किलोहर्ट्झच्या उंचवट्यावर कमावलेलं असतं, आणि तो उंचवटाच पुढे कानाला बोचतो.

माझ्या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो. भिंतीपासून मीटरभर पुढेच स्पीकर ठेवावे लागणार असतील तर माझ्याइतका बास मिळणार नाही. क्यूटीएस ०.५ च्या वर असेल तर हाच ३ ओहम बास ढिला करतो. तो ड्रायव्हर ओपन बॅफलसाठी (पेटीशिवाय नुसत्या फळीवर बसवायला) ठेवा. आणि इम्पीडन्स वरच्या टोकालाही चढतो, त्यामुळे ट्रेबलही दीडेक डेसिबल उचलला जातो. त्यासाठी स्पीकर कानाकडे न वळवता सरळ समोर ठेवा, बहुतेक भागतं. बास जड वाटला तर ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपवर (अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ४ ओहमच्या जोडणीवर) लावून बघा. पॉवर थोडी जाते, पण आउटपुट इम्पीडन्स जवळपास निम्मा होतो.

प्लायवूड कापण्याआधी अ‍ॅम्प मोजा. ४०० हर्ट्झचा अगदी हलका सिग्नल द्या, आउटपुटला ८ ओहमचा रेझिस्टर लावून व्होल्टेज लिहून घ्या, मग क्षणभर रेझिस्टर काढून पुन्हा बघा. लोडवर १ व्होल्ट आणि लोडशिवाय १.३७ व्होल्ट आले तर ०.३७ गुणिले ८, म्हणजे ३ ओहम. तुमचा आकडा आणि स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर राहणार ते खाली लिहा, पाइपची लांबी आणि पोर्ट मी काढून देतो.