आर्किटेक्चरल ब्राँझला मराठीत कांसं म्हणायचं का?

प्रश्न असा आहे की ड्रॉइंगवर 'आर्किटेक्चरल ब्राँझ, एक्स्ट्रुडेड सेक्शन' (म्हणजे डायमधून दाबून काढलेली लांब पट्टी) लिहिलंय, तर मराठी खरेदीपत्रात 'कांसे' लिहिलं तर चालेल का. अजिबात नको, कारण तो माल कांसं नाहीच, चक्क पितळ आहे.

आपल्याकडे हिशोब साफ आहे. तांब्यात जस्त गेलं की पितळ, कथील गेलं की कांसं. पायाला तेल चोळायची ती काशाची वाटी, तिच्यात कथील साधारण वीस-बावीस टक्के. इंग्रजीतलं ब्राँझ मात्र बऱ्याचदा रंग आणि रुबाब बघून चिकटवलेलं असतं. आर्किटेक्चरल ब्राँझमध्ये तांबं 57, जस्त 40 आणि शिसं 3 टक्क्यांच्या आसपास, कथिलाचा पत्ताच नाही. न्यूयॉर्कच्या सीग्राम बिल्डिंगवर (1958) त्या प्रसिद्ध उभ्या ब्राँझच्या पट्ट्या आहेत ना, त्याही ह्याच जातीच्या. मँगनीज ब्राँझ पण मुळात जास्त ताकदीचं पितळच. ॲल्युमिनियम ब्राँझ तेवढं ना पितळ ना कांसं, ते नाव आहे तसंच ठेवा.

आता सेक्शन पितळाचेच का निघतात, तर एक्स्ट्रूजन म्हणजे तापवलेला धातू डायमधून दाबून काढायचा, चकलीच्या सोऱ्यासारखा, आणि जस्त 40 टक्क्यांजवळ गेलं की पितळ 700 अंशांच्या आसपास मस्त मऊ पडतं, किचकट आकारही निघतो. (हे 60-40 पितळ बर्मिंगहॅमच्या मंट्झने 1832 मध्ये पेटंट केलं, जहाजांच्या तळाला पत्रे मारायला.) शिसं घालतात ते लेथवर चिप तुटून पडावी म्हणून, पण पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगला तेच अडचणीचं ठरतं, तिथे कमी शिशाचा ग्रेड मागा. 70-30 पितळ थंड ओढकामाला चांगलं. कथीलवालं ब्राँझ गरम दाबताना तडकायला बघतं म्हणून त्याचे बुश (दांडा ज्यात फिरतो ती आखूड नळी) वगैरे बहुतेक ओतीवच. आणि बसबारला (वीज वाहून नेणारी जाड पट्टी) पितळ नको, कारण पितळात वीज तांब्याच्या जेमतेम पाव पट वाहते.

तर पत्रात 'शिसेयुक्त पितळी सेक्शन' लिहा आणि शेजारी ड्रॉइंगवरचा ग्रेड जसाच्या तसा टाका. ड्रॉइंगवर ग्रेडच नसेल तर डिझायनरला विचारा, आपल्याकडे फ्री कटिंग (लेथवर सहज कापलं जाणाऱ्या) पितळाच्या रॉड आणि सेक्शनला आयएस 319 हे भारतीय मानक लागतं. नुसतं 'कांसे' वाचून सप्लायर ओतीव बुश पाठवेल आणि वर बिलही लावेल, कथील काही स्वस्त नाही.